नाळ क्रमांक एक्केचाळीस

पोटावर हात ठेवून जांबोटीच्या बाईनं विचारलं होतं,
"नाळ पुरायची असते की ओ. तुम्ही काय करतासा तिचं?"
अर्जावर कन्नड वर, मराठी खाली,
आणि उंदीर दोन्हींत शेवटून दुसऱ्या ओळीत.
तो शब्द मी मुद्दाम मोठ्यानं वाचला.
ती हसली. "उंदीर तर घरातबी हाईत. भात खाऊलाल्यात."
सही केली.
पेन पदराला पुसून परत दिलं.

कपभर रक्त.
त्यातनं वेचलेल्या पेशी, नखावर मावतील एवढ्या,
आता पिंजरा सातमधल्या तिघांच्या हाडांत राहतात.
तिघांना स्वतःची राखण नाही, जन्मापासूनच नाही.
म्हणून भुसा वाफवलेला, पाणी उकळलेलं,
आणि मी डोळ्यांपुरती उरलेली.
शेपूट उंदराची, मिशा उंदराच्या,
रक्तातला रुसवा तेवढा माणसाचा.

औषध आलं चरबीच्या थेंबांत गुंडाळून.
केसाच्या जाडीत हजार बसतील असले थेंब.
साध्या उंदरांत ते निमूट गाठीपर्यंत गेलं होतं,
हुक्केरी मॅडमनी शहापुरातनं कुंदा आणवला होता त्या दिवशी.
सातला दिलं बुधवारी, शेपटीच्या शिरेतनं.
तासाभरात तिघंही कोपऱ्यात,
पाठीवरचे केस उभे.
जांबोटीच्या पेशींनी थेंबाला विचारलं असणार,
कुठला तू? कुणाकडचा?
बेळगावात हे सगळ्यांनाच विचारतात.

मॅडम बराच वेळ स्टुलावर बसून होत्या.
मग म्हणाल्या, "बरं झालं, इथंच झालं."
मी वजनं लिहिली.
एकोणीस, अठरा, साडेअठरा.
अठराच्या पुढं शाई फुटली,
तिथं परत गिरवलं.

पिवळी पिशवी. भट्टी सोमवारी.
पुरणं नियमात बसत नाही, मी विचारून पाहिलं.

खानापूर गाडीला आज गर्दी नव्हती.
ती बाई कधी चढली तर सांगेन म्हणते,
तुमच्या पोरीनं एक औषध अडवलं.
सहा महिन्यांची असेल आता,
नको म्हणता येत नसेल, ब्याडही नाही,
तरी म्हणाली.
आणि ऐकलं तिचं, मोठमोठ्या शिकलेल्यांनी.

नाळेचं विचारलं तर
भात झाकून ठेवा म्हणेन,
आणि देसूरला उतरेन.