शेवटचं नाव

ग्रिम्सबीच्या कौन्सिलमध्ये माझ्याकडे आला तो साधा फॉर्म होता.
अकरा नावं, एकाखाली एक,
आणि प्रत्येक नावापुढे एक करडं बटण:
आज डबा नको.

एकेकटी राहणारी म्हातारी माणसं,
दुपारी त्यांना गरम जेवण पोचवणारी व्हॅन,
आणि तळमजल्यावर डोरीन,
जी फोन घेते, दोन शब्द बोलते, बटण दाबते.

बटण दाबलं की माझं फंक्शन जागं होतं.
त्याला दोनच गोष्टी कळतात:
कुठल्या तरी बटणावर बोट पडलं,
आणि ते बोट पडणं घडून गेलं.
कुणासाठी, ते त्याला ठाऊक नसतं.
ते वरून द्यावं लागतं,
गावाला निघालेल्याला दशम्या बांधून द्याव्यात तसं.

मी दिलं होतं. म्हणजे मला वाटलं, दिलं.
लूप फिरवला, अकरा बटणांना अकरा वेळा सांगितलं,
हे नाव धर.
पण "हे" म्हणजे कुठलं,
ते बटणं दाबल्यावरच बघणार होती,
आणि तोवर लूप खाली उतरून
शेवटच्या नावापाशी पाय पसरून बसलेला.

ॲटवुड इस्पितळात गेले, डबा बंद झाला येलंडबाईंचा.
बार्टनबाईंकडे मुलगी राहायला आली, येलंडबाई.
कुणाचंही असो, बिल फाटायचं त्यांच्याच नावावर.
आडनाव वायवरून, एवढाच गुन्हा.

नऊ दुपारी.
ॲटवुडांच्या बंद दाराशी फिश पायचे डबे साचले,
सीगलनी झाकणं फोडली,
तेव्हा कुठे शेजाऱ्यानं तक्रार केली.
सीगलची.

दुरुस्ती एका ओळीची निघाली.
दर फेरीला नवी जागा करायची,
नाव तिच्यात उतरवून घ्यायचं,
आणि ती उतरवलेली प्रत बटणाकडे द्यायची.
सगळ्यांचं होतं असं एकदा, गॅरेथ म्हणाला,
चहा टाकतोय, घेणार?

मला कराड आठवत होतं.
आई पाच जिन्नस सांगायची, मी घोकत निघायचे,
रवा गूळ जिरं काडेपेटी हिंग,
रवा गूळ जिरं,
वाटेत सुताराचं कुत्रं अंगावर यायचं,
आणि खिंवसरांच्या फळीशी पोचेपर्यंत
तोंडात उरलेला असायचा फक्त हिंग.
एकदा हिंगाच्या पाच पुड्या आणल्या.
त्यानंतर आई चिठ्ठी मुठीत कोंबायची
आणि माझी बोटं
आपल्या हातानं एकेक करून मिटायची.

येलंडबाईंना फोन मीच केला.
माफीचं वाक्य कागदावर लिहून घेतलं होतं,
ते वाचून झालं.
मग काय बोलावं सुचेना, म्हणून विचारलं,
इतके दिवस खाल्लंत काय?

"टोस्ट," त्या म्हणाल्या.
"मला वाटलं, तुमच्याकडचे पैसे संपले असतील.
नाहीतर माझ्याहून कुणाला तरी जास्त गरज असेल."
पलीकडे किटली शिट्टी देत होती,
ती त्यांनी उतरवली असावी.
"पण म्हणजे," त्या परत आल्या,
"माझ्याऐवजी खरं तर दुसरंच कुणीतरी
नको म्हणालं होतं ना? रोज?
का नको म्हणाले? बरी आहेत ना ती माणसं?"

पडद्यावर अकरा ओळी होत्या.
नाव, क्रमांक, तारीख, वेळ,
सगळं आता ज्याचं त्याच्यापाशी.
मी वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं.
"का" ला मी रकानाच ठेवला नव्हता.

थांबा हं, म्हटलं,
आणि फोन टेबलावर उताणा ठेवून,
हाताला लागला तो कागद घेऊन
जिना उतरले डोरीनकडे.