कारण: बाहेरून

सहमच्या बाहेर, समुद्रापासून दोन किलोमीटरवर
नासर अल-मामरींच्या खजुराच्या मळ्यात
विहिरीच्या भिंतीला एक राखाडी डबा ठोकलेला आहे.
आत माझा बोर्ड. पंप चालू करतो, बंद करतो,
पाणी किती खारं ते मिनिटामिनिटाला लिहून ठेवतो.
बसवल्यापासून दुपारचं मात्र काही लिहीत नाही.

फोनवर नासरसाहेब म्हणाले,
तुमचं यंत्र रोज जेवून झोपतं.

सोहारहून मी निघाले, सोबत शकुर मुकादम,
मंडणगडचा वायरमन. पकडीपेक्षा कानानं काम करणारा.
केबल लावून नोंदी उघडल्या.

बारा चाळीस: दाब ठीक, खारेपणा ठीक.
पुढची ओळ पाच बावन्न:
रिसेट. कारण: बाहेरून.
मध्ये कोरी जागासुद्धा नाही,
ओळीखाली ओळ, जशी दुपार झालीच नव्हती.
घड्याळाला ती बटणाएवढी बॅटरी नसती
तर मलाही पटलं असतं.

किती वेळ धरलं होतं तुला?
चार तऱ्हांनी विचारलं. उत्तर एकच: बाहेरून.
कोणी, किती, कशासाठी, त्यातलं काही नाही.
त्याचा काय दोष?
रिसेटची पिन खाली ओढली गेली
की जो मोजतो तोच थांबतो.
बेशुद्ध माणसाला म्हणावं, स्वतःची नाडी मोज.
सुटल्यावरचा पहिला क्षण त्याला शून्य वाटतो
आणि शून्यापासून तो
अगदी प्रामाणिकपणे मोजायला लागतो.

मी कोड वाचत बसले.
शकुर डब्याचं दार लावायचा, उघडायचा, पुन्हा लावायचा.
एकच्या सुमाराला म्हणाला,
"बाय, हितं हात लाव."

दाराच्या आतलं काळं रबर
उन्हानं फुगून बोटभर पुढं आलेलं,
दार लागलं की नेमकं बटणावर टेकणारं.
जोर नाही. राग नाही. नुसतं टेकलेलं.
काचेतून हिरवा दिवा दिसत होता, वीज पुरेपूर,
आणि आत कोणी नाही.
दार उघडलं की लगेच जागा.
म्हणून तर तपासायला येणाऱ्या प्रत्येकाला
तो धडधाकट भेटायचा.

"मेलेला नाय ह्यो," शकुर म्हणाला,
"ह्याला धरून ठेवलाय."

जेवताना पंपावरच्या बलुची पोरानं त्याला विचारलं,
चाचा, ओमानात किती वर्षं झाली?
"आत्ताच तर आलो," शकुर म्हणाला,
आणि माशाचा काटा काढता काढता थांबला.
हात पुसले. खिशातून कार्ड काढलं.
दोन वर्षांनी एकदा नवं होतं ते.
कितव्यांदा, ते बोटांच्या पेरांवर मोजलं:
अकरा.
गुणाकार त्यानं केला नाही.
मीही केला नाही.
पोरगं भाताकडे बघत राहिलं.

मग त्यानं सुरीनं रबर कापलं, दोन बोटं.
खरं तर तेवढ्यानं भागलं असतं.
पण मी ब्लेडनं बोर्डवरची ती रेघ तोडली,
बटणाची तार एका साध्या पिनवर जोडली.
आता कोणी दाबलं तरी तो जागाच राहील
आणि मोजेल.
पाच सेकंद म्हणजे माणूस:
स्वतःहून विझेल, स्वतःहून पेटेल.
मिनिटाच्या वर गेलं तर माणूस नव्हे.
तेव्हा लिहील, मला कशानं तरी धरलंय,
आणि पाणी देत राहील.

सोल्डरचा धूर डोळ्यांत गेला.
शकुरनं न बोलता पंखा माझ्याकडे वळवला.

दुसऱ्या दिवशी सोहारच्या ऑफिसात नोंदी आल्या.
बारा एक्केचाळीस. बारा बेचाळीस.
एक, दोन, तीन, एकही मिनिट न गाळता.
दुपारी विहीर जास्त खारी होते.
साडेतीनला सगळ्यात खारी.
हे कुणालाच माहीत नव्हतं.