वाढीव

मस्टरवर मी एक नाव वाढवलं:
श्रीमती मनीबाई बोके, सोलणी विभाग.
कारखान्याच्या मागच्या पडवीत
टरफलांच्या पोत्यावर झोपणारी,
पांढरी, एका कानाची.

अडुसष्टाव्या वर्षी आठवड्यातून तीन दिवस
बोलावतात मला हिशेब लिहायला,
अक्षर चांगलं म्हणून.
नऊ दिवस मनीबाई हजर होत्या.
दहाव्या दिवशी परुळेकर मॅनेजर
पेन टेकवून म्हणाले,
“ह्या बाईंचा एकही खाडा नाही. शिका जरा.”
काजू सोलणाऱ्या एकवीस बाया
काळ्या पडलेल्या बोटांनी
तोंड दाबून हसल्या,
आणि सत्यवतीच्या ओठाला चीक उतला.
तिला भिरंडेल नेऊन दिलं.
ते मी खर्चात धरते.

तातूचं वेगळं.
पाडेली येऊन गेला की माझा भाऊ
खळ्यातला ढीग मोजतो
आणि दाराच्या मागे खडूने आकडा लिहितो.
एकशे बारा.
रात्री मी कुंपणातून दोन सरकवते.
एकशे चौदा.
दुसऱ्या रात्री एकच. विषम बरा असतो.
चौथ्या दिवशी खळ्यातून हाक आली,
“गो आवडे, नारळ व्याले की काय गो?”
“मगे बारसा कर,” मी म्हटलं,
आणि तांदूळ निवडत राहिले.

लपवायचं नाही, वाढवायचं.
हे मला आधी ठाऊक नव्हतं.
आधी मी पास्कूचा चष्मा लपवला होता.
उभादांड्याच्या बाकावर
बांगड्याच्या भावावरून वाद रंगलेला,
चष्मा त्याच्या शेजारी, उताणा.
दोन दिवसांनी देणार होते परत,
शिव्या खाणार होते पोटभर,
चौथीत त्याच्या पाटीवर
मास्तरांच्या मिशा काढल्या
तेव्हा खाल्ल्या तशा.

पण बाजारात रोझलीन भेटली.
टोपलीतला हात टोपलीतच ठेवून म्हणाली,
रात्री उठून दिव्यांची बटणं मोजतो गो.
काल काय जेवलो ते पाठ म्हणून दाखवतो.
कुडाळच्या डॉक्टरकडे जाऊन आला, एकटाच.
त्याचा बाप, तुला माहीत आहे,
शेवटी शेवटी बायकोचं नाव
होडीला विचारायचा.

चष्मा माझ्याच पिशवीत होता,
सोड्यांच्या पुडीखाली.
तिच्या मागोमाग घरी गेले आणि दिला.
पास्कूने पुसला, घातला, माझ्याकडे बघितलं.
“तू घेतलंस?”
मीच.
“तूच?”
मीच रे.
“नक्की?”
तिसऱ्यांदा विचारताना
त्याचा आवाज चढत गेला,
पास झालेल्यांच्या यादीत
नाव सापडलेल्या पोरासारखा.
शिव्या दिल्याच नाहीत त्याने.
कोकम सरबत दिलं.
ते प्यायला फार वेळ लागला मला.

ह्या वयात एखादी वस्तू जाग्यावर नसली
की माणूस पहिला संशय स्वतःवर घेतो.
जास्तीची दिसली
तर शेजाऱ्यावर.
म्हणून सुनेच्या मसाल्याच्या डब्यात,
धणे आणि हळदीच्या मध्ये,
एक लेमलेटची गोळी.
देवळाबाहेर, भजन चालू असताना,
डाव्या पायाची एक चप्पल,
कोणाचीच नसलेली.
बुवा अर्धा तास उजवी शोधत होते,
स्वतःच्या दोन्ही पायांत असताना.

काल पहाटे दार उघडलं
तर उंबऱ्यावर नारळ.
सोललेला, शेंडी ठेवून.
त्याच्यावर चष्मा,
एक काडी सुतळीने बांधलेली,
वासाला सोड्यांचा.
नारळाला डोळे तीन;
तिसरा उघडाच राहिला होता,
माझ्यावर रोखून.

कुंपणापलीकडून तातू,
हातात खडू:
“गो, तो माझ्या ढिगातलो. एक कमी भरता.”

“परत मोज,” मी म्हटलं.