पाहुण्यांचा परिचय

विभागप्रमुख म्हणाल्या, दोन मिनिटांत आटपा,
चहा गार होतो.

मी वाचलं: डॉ. एलिसेओ मगबानुआ,
जन्म स्टॉक्टन, कॅलिफोर्निया. आईवडील इलोइलोचे.
तीन ग्रंथ. सध्या सन्माननीय प्राध्यापक.
शाल. नारळ. टाळ्या.

कागदावर नव्हतं ते त्यांनी आदल्या रात्री सांगितलेलं,
कलिन्याच्या गेस्टहाउसात,
पंखा तिसऱ्या माणसासारखा मधे मधे बोलत असताना.
सात वर्षं कायम केलं नाही.
कराओकेवर कसला प्रबंध, समिती म्हणाली,
तुमच्या मावश्या दुसऱ्यांची गाणी म्हणतात,
त्यात अभ्यासायचं काय?
यांनी उत्तर दिलं मावशीच्या आवाजात,
हातवाऱ्यांसकट.
नोकरी गेली, म्हणाले, पण प्रकरण पहिलं तिथेच सुचलं.

मुंबई का, मी विचारलं.
वडील खलाशी. चौऱ्याहत्तर साली
जहाज दुरुस्तीला माझगावला दोन महिने अडकलेलं.
घरी एकच पोस्टकार्ड आलं:
इथे मला कोणी ओळखत नाही. रोज गातो.
आईने ते पिठाच्या डब्याखाली ठेवलं,
कुणालाच वाचून दाखवलं नाही.

मग ते म्हणाले, तुमच्या भाषेत काय म्हणतात
आपल्यासारख्यांना?
(आपल्या. मी काहीच बोललो नव्हतो.)
मी परिभाषाकोशातला शब्द दिला.
हा नको. शाळेत हाक मारायचे तो.

घशात भांडुपची शाळा उभी राहिली,
गॅदरिंग, गौळणीचा हिरवा परकर,
ज्या मास्तरांनी तो नेसवला
त्यांनीच दुसऱ्या दिवशी हजेरीला घेतलेलं नाव.
पंचवीस वर्षांनी मी ते उच्चारलं,
मराठीचा प्राध्यापक, ऱ्हस्वदीर्घ सांभाळून.

ते 'ल्या'पाशी अडखळले.
पुन्हा म्हणाले, पुन्हा चुकले,
इतके, की शिवीला
आपण कुणाला द्यायच्या होतो तेच आठवेना.
मग त्यांनी आपला शब्द दिला: बाक्ला.
माझाही उच्चार चुकला.
फिट्टंफाट.

हाताशी दुसरा कागद नव्हता.
त्यांनी दोन्ही शब्द, त्यांच्या लिपीत, बॉलपेनने,
मोठ्या अक्षरांत लिहून घेतले
माझ्या टाइप केलेल्या परिचयाच्या मागे.

आणि आज मी माइकसमोर
तो कागद दोन्ही हातांनी धरून वाचत होतो,
जन्म, ग्रंथ, सन्मान,
मागची बाजू सभागृहाकडे.
तिसऱ्या रांगेतला एक मुलगा
ओठ हलवत
काहीतरी जुळवत होता.