दुसरा हात

बोटीवरून पोराचा व्हिडिओ कॉल आला:
पप्पा, हिरवळीत ते उंच काय उगवलंय?
मोथा, मी म्हटलं.
मारून टाका, तो म्हणाला.
त्याच्या पाठीमागे समुद्र होता, सपाट,
एकही पातं वर न आलेला.

हिरवळ ही त्याचीच हौस.
ज्या हरळीला मी जन्मभर खुरप्यानं खरवडलं
ती त्यानं विकत आणली, चौरस फुटाच्या भावानं,
चटयांसारखी गुंडाळून, टेम्पोतून.
एक गवत, दुसरं तण.
फरक विचाराल तर एकाचं बिल आहे.

म्हापशाला शेतकी दुकानात गेलो.
बाटलीवर कोनावर उभा केलेला चौकोन,
खालचा अर्धा निळा.
तांबडा म्हणजे जहाल, दुकानातला रोहिदास सांगू लागला,
मग पिवळा, मग निळा, हिरवा त्यातल्या त्यात गरीब.
चाळीस वर्षं रंग कालवले मी,
हा क्रम कुणी शिकवला नव्हता.
अक्षरं मात्र मुंगीच्या पायाएवढी.
असा बोर्ड रंगवला असता
तर एकाही बारवाल्यानं पैसे दिले नसते.

भिंग लावून वाचलं, दोनदा.
हे औषध आपपर ओळखत नाही.
पानातून शिरतं, मुळापर्यंत उतरतं,
म्हणून आधी दोन दिवस कापणी नको, पान हवं.
दंव सुकू दे. वारा पडू दे.
पुढचे सहा तास आभाळ कोरडं हवं.
चवथ होऊन महिना झाला होता, तरी शिवोलीचं आभाळ
कुणाच्या शब्दाला जागलंय?
हातमोजे. कुत्रा घरात. बांयपासून लांब.
आणि जास्त घातलं म्हणून जास्त मरत नाही,
पान आधीच करपतं, मुळाला निरोप पोचत नाही.
ही ओळ मला आवडली.
ती मोठ्या अक्षरांत हवी होती.

पंप नको म्हटलं, हरळीवर उडेल.
माळ्यावरून सहा नंबरचा ब्रश काढला,
खारीच्या केसांचा,
बसांच्या कपाळावर देवांची नावं लिहिलेला.
डब्यात औषध, थेंबभर साबण, पानाला धरायला,
आणि बसलो मांडी ठोकून.
एकेक पातं दोन बोटांत,
खालून वर एक ओढ, मधली शीर, टोक.
बिनरंगाचं रंगकाम.
पेंटर, एर्मेलिंदा सज्जातून ओरडली,
तणाक पॉलिश मारतां रे?

दहा दिवसांनी मोथा पिवळा पडला.
आणि वरच्या कोपऱ्यात, डावीकडे,
हरळीत वीतभर पिवळं
श्री.

शपथ, मला आठवत नाही.
पण कुठलंही काम धरलं की आधी
बोर्डाच्या कोपऱ्यात बारीक श्री काढायचा,
मग गिऱ्हाइकाचं नाव.
हात आपला गेला असणार.

एर्मेलिंदाला वरून ते उलटं दिसतं,
ती म्हणते विंचू आहे.
पोराचा फोन आला, मी कॅमेरा माडाकडे वळवला.
बायको काही म्हणाली नाही,
फक्त कपडे वाळत घालायला जाताना
त्याला वळसा घालते.

मोथ्याला खाली गाठी असतात, माळेतल्या मण्यांसारख्या,
वरची मेली की खालची जागी होते.
म्हणून लेबल सांगतं, तीन आठवड्यांनी दुसरा हात.
लाकडाचंही हेच. पहिला हात लाकूडच पिऊन टाकतं.

आज बसलो परत.
पंधरा-वीस पाती होती, ती केली.
उरलं श्री.
हरळी मेली तिथली मोकळी जागा बघून
मोथा नेमका तिथंच आलाय,
दांडा धरून, वेलांटी धरून,
माझ्यापेक्षा बऱ्या वळणाचा.

डब्यात दोन बोटं औषध शिल्लक आहे.
दंव सुकलंय. वारा पडलाय. आभाळ कोरडं.
बायको दारात उभी राहून
ब्रशाकडे बघतेय.