बारा मिलिमीटर

उशाकला पोचलो तेव्हा गिरणीच्या अंगणात गोण्यांचे डोंगर होते
आणि डोंगरांवर मांजरं.
मी आलो होतो कार्डिंग मशीनच्या तारा बदलायला,
दोन आठवडे, राहणं-जेवण कंपनीचं.

गोण्यांत काय, तर जे कुणाच्या अंगात कधी गेलंच नाही ते.
बाहीच्या घेराबाहेर उरलेली चंद्रकोर,
गळ्यातून गळून पडलेली चकती,
घामाची ओळखच न झालेलं कापड.
जन्मतः कातरण.

येतेर आब्ला लाकडी बाकावर बसते,
पुढ्यात सहा टोपल्या, कधी नऊ.
निळ्यात तिला चार निळे दिसतात,
मला एकच.
"हा शाईचा, हा समुद्राचा, हा पोलिसाचा,
आणि हा..." ती चिंधी कानाशी नेऊन ताणते,
"हा खोटा. ऐक, आत रबर कण्हतंय."
भाचा तुंजाय भाषांतर करतो,
निम्मं हातांनी.

संशय फारच आला तर काडी पेटवते.
सुती असेल तर कागदासारखं जळतं, चिमूटभर राख.
नसेल तर काळा मणी होऊन बोटाला डसतो.
तिच्या अंगठ्यावर अशा मण्यांचे बरेच डाग आहेत.

पुन्हा रंगवायचं नाही.
हे तत्त्व वगैरे नाही, हिशेब आहे:
ह्या निळ्याचं पाणी कुठलीतरी नदी
एकदा पिऊन बसलीये.

मग शिफानोझ. दात असलेला ढोल.
चिंधी आत जाते. वीण उसवते,
विणीतून सूत, सुतातून पीळ,
आणि पलीकडे नुसतं निळं धुकं.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात.
इथे पीळ आधी जातो,
सुंभ तेवढा उरतो.

मी मोजलं. बारा मिलिमीटर.
बोंडातून निघाला असेल तेव्हा अठ्ठावीस तरी.
आखूड तंतू एकटा उभा राहत नाही,
पहिल्या दोन रात्री धागा तुटत राहिला,
तुटत राहिला,
मी तारा घासत राहिलो.
शेवटी शंभरात तीस नवा कापूस घातला,
लांब, पांढरा, जरा ताठ्यातच.
तिसऱ्या पहाटे सूत जुळलं.

चहाच्या सुट्टीत मी नावाचा अर्थ विचारला.
तुंजाय हसला. ती नाही.
"पुरे."
पाचवी मुलगी. बापाने नाव ठेवलं नव्हतं,
दाईला उत्तर दिलं होतं.

आमच्याकडे नकुशा असतात, मी म्हणालो.
हे सांगायला तुंजायला बराच वेळ लागला,
हातही पुरले नाहीत.
तिने चिमुकल्या ग्लासातली साखर ढवळली.
"चार बहिणींचे कपडे माझ्याकडे यायचे.
येईतो कोपर नसायचं.
आई आतून दुसऱ्याच रंगाचं लावायची.
मला वाटायचं, सगळ्यांच्या कोपराला वेगळा रंग असतो."
मग थांबून:
"माझ्यानंतरही दोघी झाल्या.
पुरे म्हटल्याने कधी काही थांबतं का?"

बाहेर ट्रक मागे येत होता.
मांजरं उठून दुसऱ्या डोंगरावर गेली.

शेवटच्या दिवशी तागा उतरला.
तिने कापड चिमटीत चोळलं, उजेडात धरलं,
दाताने कडेचा धागा ओढून पाहिला.
मान हलवली, जेमतेम.
मालकाच्या "उत्तम, उत्तम" पेक्षा
मला ती जेमतेम पुरली.

त्याचाच एक शर्ट मला मिळाला.
चारही निळे आहेत त्यात, आता मलाही दिसतात,
आणि डाव्या कोपराशी एक लाल कण.
एवढी मोठी चूक तिच्या टोपलीतून सुटणार नाही.

निघताना मी दारातून हाक मारली: येतेर आब्ला!
यंत्रांच्या आवाजात शेवटचं अक्षर बुडालं,
उरलं तेवढं
आमच्याकडे घरातून निघणारी बाई
उंबऱ्यावर म्हणते.
येते.