नमुन्याच्या फळ्या

शहाबादी फरशी पावसात गार पडते,
मामंजींचे गुडघे धरतात, म्हणून
त्यांच्या एका खोलीला लाकूड घालायचं ठरलं.
दहा बाय अकरा. एकशेदहा चौरस फूट,
वर तुटीचं थोडं, असं म्हणत मौनेश बडिगेर
शनिवारी बेळगावहून खानापूरला आला,
सिमेंटच्या पिशवीत सहा नमुने घालून.

पडवीत त्यानं ते ओळीनं मांडले.
मी किमती लिहून घेत होते कॅलेंडरच्या पाठीमागं.
मामंजी म्हणाले, कुठलं काय ते सांगू नका.
चप्पल काढली. माझा दंड धरला.

डोळे जाऊन नऊ वर्षं झाली.
त्याआधी बत्तीस वर्षं नागरगाळीच्या डेपोत
ओंडक्यांवर हातोड्यानं शिक्का मारला त्यांनी.
रजिस्टरात मत्ती लिहायचं, तोंडानं ऐन म्हणायचं,
होन्नी लिहायचं, बिबळा म्हणायचं.
सागवानी तेवढं दोन्हीकडं सागवानीच.

पहिल्या फळीवर टाच टेकली, मग वाकून
नखानं टोकरून वास घेतला.
"साग. पण पोरसवदा. लागवडीचा.
तेल कुठनं येणार ह्याला?"
मौनेशनं माझ्याकडं बघितलं.

दुसरीच्या कडेवरून अंगठा फिरवला.
"वरचा पातळ पापुद्रा परदेशी दिसतोय,
खाली प्लाय. पाहुणा वर, गडी खाली."
"इंजिनिअर्ड म्हणतात आज्जा. पावसात फुगत नाही."
"फुगू नये माणसानं," एवढंच बोलले.

बांबूवर: "हे गवत आहे. चांगलं आहे,
पण गवत आहे."

चौथ्या फळीवर उभे राहिले ते राहिलेच.
माझ्या हाताला मुंग्या आल्या.
"जांबा. मीटरगेजचा स्लीपर होता हा.
इथं खिळ्याचं भोक बुजवलंय बघ."
मौनेश खुलला. वाळवी शिवत नाही, म्हणाला,
कापताना करवत रडते. मग भाव सांगितला.
मी लिहिला, आणि वरचे पाचही भाव पुन्हा वाचले,
बेरीज करायची नसतानाही.

व्हिनाइल पायाला चिकटलं. ते लाथेनंच सरकवलं.

आणि सहावी.
"हे लाकूड न्हवे. लाकडाचा फोटो."
"मग पाया पडा, आज्जा," मौनेश हसला, "पाय लागला फोटोला."
मामंजी हसले नाहीत. टाच आपटली.
परत आपटली.
"मालू, तू चाल ह्याच्यावर." मी चालले.
"आता तू, मौनेशा."
"तनू कुठाय? तिला उडी मारायला सांग."

"हेच घाला."

सुतार माणूस तो, चेहरा उतरला त्याचा.
जांब्याचे पन्नास कमी करतो म्हणाला, मग सत्तर.
"जांब्याला काय बोट लावायला जागा आहे?
पण तो गप बसतो रे. दगड पण गप.
नऊ वर्षं झाली, माणसं
एकदम माझ्या खांद्याजवळच उगवतात.
हे पोकळ आहे. हे बोलतं.
खालचा फोम तेवढा घालू नका."
"गॅरंटी जाईल."
"जाऊ दे. तिच्यावर मी शिक्का मारलाय काय?"

दीड दिवसात काम झालं.
आता दुपारी गोळ्या घेऊन गेलं की
दुसऱ्या फळीलाच आतून येतं, "ये मालू."
तनूला दारातच ओळखतात, आणि मुलगा आला
की चपलेसकट आलास म्हणून ओरडतात.
परवा पाऊस आत येत होता, रात्री
खिडकी लावायला मी बोटांवर गेले.
"कोण?"
"मी. खिडकी लावायला आलो."
"मग नीट पाय टाकत ये की.
मी चोर समजलो असतो, पण चोर
एवढा वजनदार नसतो."

बाकीचे नमुने मौनेशनं परत नेले.
जांब्याचा राहिला. विसरला म्हणावं,
तर फोन केला तरी न्यायला येत नाही.
ग्राइंडरचा एक पाय आखूड आहे,
त्याच्याखाली सरकवलाय मी.
इडलीचं वाटण चालू असतं, सगळं स्वयंपाकघर हादरतं,
तो हूं की चूं करत नाही.